आमच्यात चालत नाही

हॉस्टेलवर आम्हाला नावं नव्हती, गावं होती. अलिबाग, सोलापूर, यवतमाळ आणि मी कऱ्हाड. पुण्यातल्या त्या इमारतीत चार वर्षं याच हाका ऐकल्या आणि आता पन्नाशी उलटली, टकलं पडली, तरी भेटल्यावर तोंडात तीच नावं येतात. यवतमाळची मुलगी न्यू जर्सीत नोकरीला लागली म्हणून तो पहिल्यांदाच अमेरिकेत आला होता. सोलापूर आणि मी एडिसनला, दोन रस्त्यांच्या अंतरावर. अलिबाग न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. म्हणजे आम्ही तिघं लोकलच्या टप्प्यात राहतो आणि तरी वर्षवर्ष भेटत नाही. कुणीतरी भारतातून यावं लागतं.

कुठे जेवायचं यावर तीन दिवस मेसेजांचा काथ्याकूट झाला. सोलापूरचं म्हणणं, ओक ट्री रोडवर जाऊ, तिथे मिसळीपासून बिर्याणीपर्यंत सगळं मिळतं. अलिबाग बराच वेळ गप्प होता. मग त्याचा मेसेज आला : "तुम्हीच इकडे या. शनिवारी, पण अंधार पडल्यावर. उझबेक आहे, छोटं आहे. मला तिथे काही विचारावं लागत नाही."

त्या शेवटच्या वाक्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. सोलापूरने फक्त विचारलं, "उझबेक म्हणजे मटण ना?"

डिसेंबरचा शनिवार होता. एडिसनहून पेन स्टेशन, तिथून सबवे, जॅक्सन हाइट्सला गाडी बदलून रिगो पार्क. साडेचारला सूर्य बुडाला. अलिबाग ज्यू, त्याचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पाळायचा वार, आकाशात चांदण्या दिसेपर्यंत संपत नाही. तोपर्यंत तो गाडीत बसत नाही, फोन उचलत नाही. त्याचं घर जवळच, त्यामुळे तो चालत आला. आम्ही १०८व्या रस्त्यावर पाय आपटत उभे होतो, तेव्हा समोरून लांब काळ्या कोटात, कानटोपी घातलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "काय रे, गारठलात?" तेवढ्या तीन शब्दांवर आम्ही एकदम हॉस्टेलच्या जिन्यात.

या रस्त्याला लोक गमतीने बुखाऱ्याचा ब्रॉडवे म्हणतात. सोव्हिएत संघ मोडकळीला आला तेव्हा, १९९०च्या आसपास, समरकंद, बुखारा, ताश्कंद इथले ज्यू हजारोंनी बाहेर पडले. बरेचसे इस्रायलला गेले, हजारो इथे आले. त्यांच्या घरची भाषा बुखोरी, म्हणजे ताजिक वळणाची फारसी. रस्त्यावर रशियन, देवळात हिब्रू. जेवण उझबेक, पण कोशर : मांस त्यांच्या रीतीने कापलेलं, आणि जिथे मांस शिजतं तिथे दूध, दही, लोणी यांना बंदी. शुक्रवारी संध्याकाळी दुकानं बंद होतात ती शनिवारी रात्रीच उघडतात. आम्ही आत शिरलो तेव्हा पोरगा खुर्च्या टेबलांवरून खाली उतरवत होता आणि मागच्या बाजूने कोळशाचा पहिला धूर येत होता.

दहाएक टेबलं. भिंतीवर समरकंदच्या रेगिस्तान चौकाचं चित्र, निळ्या घुमटांचं. टीव्हीवर आवाज बंद करून लावलेली रशियन गाणी. गल्ल्यावर साठीपुढची एक बाई, डोक्याला रुमाल, बोटांत दोन जाड अंगठ्या. पोरगा तिचा मुलगा. तिने अलिबागकडे पाहून मान हलवली आणि आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलाकडे नेलं. राज कपूरचं नाव निघेल अशी आम्हाला खात्री होती. ते दुसऱ्याच मिनिटाला निघालं आणि तिथेच संपलं.

आधी रोटी आली. तिकडे तिला 'नोन' म्हणतात. आपल्या नानसारखी लुसलुशीत नाही. ताटाएवढी गोल, काठाला फुगीर, मध्ये दाबून नक्षी उठवलेली, वर काळे तीळ, आणि पाठीला तंदूरची राखी खूण. सोलापूरने ती उचलून, वास घेऊन, टेबलावर पालथी ठेवली. बाई पलीकडच्या टेबलावर काहीतरी देत होती. तिथून आली, एक शब्द न बोलता रोटी उलटी करून नक्षी वर आणली आणि निघून गेली.

"पालथी घालत नाहीत," अलिबाग म्हणाला. "सुरीही लावत नाहीत. हातानेच तोडायची."

"भाकरीला कोण सुरी लावतंय," सोलापूर म्हणाला आणि खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली. शेंगाचटणी. सोलापूरहून बहिणीने पाठवलेली, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. तो अमेरिकेत कुठेही जेवायला जाताना ती खिशात ठेवतो. एकदा त्याने ती पिझ्झ्यावर पसरताना मी पाहिलंय. पुडी सोडणार एवढ्यात तो पोरगा जवळजवळ धावतच आला. हात जोडल्यासारखे करून इंग्रजीत म्हणाला, माफ करा, बाहेरचं इथे चालत नाही. स्वयंपाकघरावर देखरेख करणारा माणूस असतो, त्याने पाहिलं तर आमची पंचाईत होईल.

सोलापूरने पुडी खिशात घातली. अलिबाग हसायला लागला, इतका की त्याला चष्मा काढावा लागला.

ते हसू कशाचं होतं हे सांगायचं तर तीस वर्षं मागे जायला हवं. आमच्या मेसमध्ये रविवारी फीस्ट असायची. मटणाचा रस्सा, वाटीत मोजून चार तुकडे, त्यासाठी अर्धा तास आधीपासून रांग. अलिबाग रांगेत उभा राहायचा आणि आमटी-भात घेऊन यायचा. पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, शाकाहारी आहेस का? तो म्हणाला, नाही, पण हे आमच्यात चालत नाही.

महाराष्ट्रात या वाक्यापुढे प्रश्न नसतो. कुणाच्यात सोमवारी चालत नाही, कुणाच्यात चातुर्मासात, कुणाच्यात कांदा-लसूण, कुणाच्यात मुंजीआधी अमुक आणि बाळंतपणात तमुक. 'आमच्यात' म्हणजे नेमकं कुणात, हे आपण विचारत नाही. मनातल्या मनात जात ठरवतो आणि पुढे जातो. आम्हीही तेच केलं. सोलापूरने तर सुचवलं होतं, अरे तुकडे बाजूला काढ आणि रस्सा खा.

तिसऱ्या वर्षी त्याच्या घरी गेलो तेव्हा कळलं. अलिबागची इस्रायल आळी. चौकटीला तिरपी ठोकलेली एक बारीक डबी, आत येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची. नऊवारी नेसलेली आजी आगरी-कोळी बायकांसारखं ठसठशीत मराठी बोलत होती. वडील कुठेत म्हटल्यावर म्हणाली, "मशिदीत गेलेत." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यात सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणत, हे नंतर समजलं. पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांच्याकडची परंपरेने चालत आलेली गोष्ट. पुढे गावोगाव तेलाचे घाणे चालवले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. मराठीत कीर्तनंसुद्धा केली त्यांनी. एवढं सगळं आमच्यासारखं, पण कोंबडी कापायला त्यांच्यातलाच माणूस हवा.

त्या दिवशी आजीने मटण केलं होतं. दाटसर, आंबट-तिखट, नारळाच्या दुधातलं. आम्ही ते कोकणातलं म्हणून खाल्लं. मटणात दही किंवा दूध घालता येत नाही म्हणून त्यांच्या घरात नारळाचं दूध आलं, हे त्याने त्या रात्री चालत जाता जाता सांगितलं. म्हणजे असं : आम्ही त्याच्या घरी मटण खाल्लं होतं, पण त्याने आमच्याबरोबर, आमच्या ताटातलं, कधीच खाल्लं नव्हतं. मेसमध्ये नाही, लग्नात नाही, अमेरिकेत आल्यावर माझ्या घरीही नाही. माझ्याकडे तो आला की फळं खायचा. माझ्या बायकोला ते अजून लागतं.

आणि आता तोच मेन्यूचं जाड पुस्तक न उघडताच ऑर्डर देत होता. "बसा रे. आज मी सांगतो." आवाजात यजमानाचा तोरा होता. मी तो पूर्वी ऐकला नव्हता.

सळ्यांवर भाजलेलं कोकराचं मटण आलं, सळई तलवारीएवढी, वर कच्च्या कांद्याच्या चकत्या आणि व्हिनेगरचा शिपका. लगमान आलं, हाताने ओढून लांबवलेल्या शेवयांचा रस्सा. टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, कागदासारखी पातळ कापलेली. आणि मग पलोव. त्याला ते लोक साधं 'ओश' म्हणतात, म्हणजे अन्नच. आपण जेवणाला भात म्हणतो तसं. २०१६ साली युनेस्कोने उझबेकांची पलोवची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. घालायलाच हवी होती, असं पहिल्या घासाला वाटलं आणि तिसऱ्या घासाला यादीचा विसर पडला.

पलोवला बिर्याणीच्या नजरेने पाहिलं तर तो फिका वाटतो. लवंग नाही, वेलची नाही, केशर नाही, मिरची नाही. जाड बुडाच्या लोखंडी कढईत तेल कडकडीत तापवायचं, मांस आणि कांदा तांबूस करायचा, मग गाजर, किसलेलं नव्हे, हाताने काडीसारखं चिरलेलं, तेही तांदळाच्या बरोबरीने. जिरं. लसणाचे अख्खे गड्डे. पाणी घालून हे मंद शिजू द्यायचं. या पायाला ते 'झिरवाक' म्हणतात. तांदूळ वरून पसरायचा आणि मग हलवायचा नाही. फरगाण्याकडे शेवटी सगळं एकत्र करतात, समरकंदला थर वेगळे ठेवतात. ही बाई समरकंदची, त्यामुळे आमच्या ताटात थर होते. गाजर विरघळून गोड झालं होतं आणि लसणाची पाकळी दाबली की लोण्यासारखी बाहेर यायची. एकच मोठं ताट, मध्ये ठेवलेलं. अलिबागने चमचा घातला, सोलापूरने घातला, मी घातला.

यवतमाळने घातला नाही.

त्याच्या घरात माळ आहे. वडील वारकरी, तोही वारकरी. कॉलेजात थोडं इकडेतिकडे झालं असेल, पण वडील गेल्यावर त्याने माळ घातली. अलिबागला ते ठाऊक होतं. त्याने गुरुवारीच फोन करून सांगून ठेवलं होतं, एकजण मांस खात नाही, भोपळ्याचे मान्ती करून ठेवा. मान्ती म्हणजे वाफवलेले मोठे मोदकच म्हणा, सारण तिखट. ते आलेही, सुंदर, पारदर्शक, केशरी सारण दिसणारे. यवतमाळने विचारलं, हे वेगळ्या भांड्यात वाफवलेत का? बाईने प्रामाणिकपणे हाताने मजले दाखवले : एकावर एक चाळण्या, वरच्या चाळणीत मटणाचे, खालच्या चाळणीत भोपळ्याचे. त्याने ताटली हळूच बाजूला सरकवली.

"मले भूकच नाही फारशी," तो म्हणाला.

"अरे मटण कुठाय त्यात? वाफेला काय होतंय बे, खा की," सोलापूर म्हणाला.

अलिबागने चमचा खाली ठेवला. "हेच तू मला मेसमध्ये म्हणाला होतास. रस्सा खा म्हणून."

सोलापूर गप्प झाला. चिडून नव्हे, त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचंच त्याला वाईट वाटलं असावं. अलिबागचा चेहरा मात्र पडला. ज्याला जन्मभर दुसऱ्याच्या टेबलावर चौकशा कराव्या लागल्या, त्याने आज पहिल्यांदा टेबल मांडलं, आणि एक माणूस उपाशी. तो उठून बाईकडे गेला, रशियनमध्ये काहीतरी बोलला, हाताने 'फक्त भाजी' अशी खूण केली आणि घाईत तोंडातून आपला हिंदी शब्द गेला : "सब्जी. ओन्ली सब्जी."

बाईचा चेहरा उजळला. पाच मिनिटांत तीन ताटल्या आल्या. तिन्हींत गाजर. त्यांच्याकडे सब्जी म्हणजे गाजर.

एका ताटलीतलं गाजर तर लांब दोऱ्यासारखं, लसूण, धणे आणि लाल तिखट लावलेलं, चरचरीत. त्याला कोरियन गाजर म्हणतात. स्टालिनने १९३७ साली सोव्हिएत पूर्वेकडचे सुमारे १ लाख ७० हजार कोरियन गाड्यांत कोंबून उझबेकिस्तान-कझाकस्तानला आणून टाकले. किमचीला लागणारा कोबी तिथे मिळेना, गाजर मात्र मुबलक. म्हणून गाजराची किमची. आता ती प्रत्येक उझबेक टेबलावर असते आणि खुद्द कोरियात ती कुणाला माहीत नसते. यवतमाळने ती दोन ताटल्या खाल्ली. "आपल्या मिरचीच्या लोणच्याच्या जवळ जाते," म्हणाला. आमच्यातल्या कुणाहीपेक्षा त्याला ती जास्त कळली असं मला वाटलं.

चहा आला. हिरवा, बिनदुधाचा, मांसाच्या टेबलावर दुधाचा प्रश्नच नाही. किटलीतून पियाल्यात ओतलेला पहिला चहा बाईने परत किटलीत ओतला, तसं तीनदा केलं, मग आमचे पियाले अर्धेच भरले. सोलापूर काही बोलायच्या आत अलिबाग म्हणाला, "अर्धा म्हणजे मान. परत परत ओतायला मिळावं म्हणून. काठोकाठ भरला तर समजायचं, प्या आणि निघा."

यवतमाळ चहा पीत नव्हता. तो किटली फिरवून फिरवून पाहत होता. गडद निळी, सोनेरी रेघांची, तिच्यावर पांढरी फुलं. मला फुलं वाटली.

"हे बोंड हाय," तो म्हणाला. "कापसाचं. उमललेलं बोंड."

बाईला त्याने बोटाने दाखवलं. ती म्हणाली, "पाख्ता." आणि मग खुर्ची ओढून बसलीच. मुलगा मधे उभा राहून तिचं इंग्रजी करत होता, आणि मी यवतमाळचं. सोव्हिएत काळात शरद ऋतू आला की शाळा-कॉलेजं बंद व्हायची आणि पोरांना कापूस वेचायला शेतांवर नेत. तीही गेली होती, समरकंदच्या शहरातली मुलगी, ट्रकमधून. बराकीत राहायचं, रोजचं वजन ठरलेलं. तिने बोटांची पेरं पुढे केली आणि नखाशेजारी टोचल्याची खूण केली. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात.

यवतमाळने आपली बोटं तिच्या बोटांशेजारी ठेवली. त्याने नोकरी केली बँकेत, पण बारा एकर पऱ्हाटी अजून आहे, आणि सातवीपर्यंत वेचणीला तो आईबरोबर ओटी बांधून जायचा. किती किलो वेचायचीस, त्याने विचारलं. तिने सांगितलेला आकडा त्याला पटला नाही; त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तोच सांगितला, वर म्हणाली की वजन वाढावं म्हणून पोरं कापूस ओला करत. यवतमाळ मांडीवर थाप मारून हसला. "आमच्याकडेही!"

मला तेव्हा जाणवलं की ही दोन माणसं एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, तिथला कापूस अडला, आणि जगभरच्या गिरण्यांच्या मालकांना दुसरी काळी जमीन शोधावी लागली. इंग्रजांनी वऱ्हाड कापसाखाली आणला, खामगावपर्यंत रूळ टाकले. रशियन फौजांनी १८६५ला ताश्कंद घेतलं आणि पुढे त्या सगळ्या मुलखात अमेरिकन वाणाचं बी पेरलं. सोव्हिएतांनी त्याच्यावर कडी केली. कापसाला पाणी द्यायला आमू आणि सीर या नद्या वळवल्या आणि अरल समुद्र आटवला. यवतमाळबद्दल मी काय लिहू, वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला त्या जिल्ह्याचं नाव कशासाठी येतं ते ठाऊक आहे. आणि इकडे कापूस म्हणजे निळ्या किटलीवरचं सुबक चित्र. तिच्या घरी अख्खा सेट आहे म्हणाली. विमानात वजन मोजून देत होते, तेव्हा कपडे काढून ठेवले आणि तो सेट घेतला. वेचलाय आम्ही तो, म्हणाली.

सोलापूरला पुन्हा भूक लागली होती, त्याने आणखी एक सळई मागवली. अलिबाग मात्र मोकळा झाला होता. त्याने बुखाऱ्याच्या ज्यू रंगाऱ्यांचं सांगितलं. रेशमाला निळा रंग द्यायचं काम त्यांच्याकडे असायचं, हात कोपरापर्यंत निळे, निळ्या हातांवरून माणूस ओळखू यायचा. आणि ती नीळ बहुतेक हिंदुस्थानातून काफिल्यांबरोबर जायची. "आमचे तेलाचे हात, यांचे निळीचे," तो म्हणाला. मग जरा थांबून, पियाल्यात बघत, "क्वीन्समध्ये आलो तेव्हा पहिल्या मशिदीत मला विचारलं, तू नक्की आमच्यातलाच ना? आईचं, आजीचं, पणजीचं नाव सांग. माझ्या काकाला इस्रायलमध्ये तेच विचारलं होतं, लग्नाच्या वेळी. बेने इस्रायल, म्हणजे आम्ही कोकणातले ज्यू, रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे १९६४ला तिथल्या संसदेने ठराव केला की हे पण पूर्ण ज्यूच. इथे या बाईने फक्त विचारलं, कुठून आलास? मी म्हटलं हिंदुस्थान. म्हणाली, बस, चहा घे."

बिलाच्या वेळी बाई बोटांवर ताटल्या मोजत होती : यक, दू, से, चोर, पंज, शश, हफ्त. "हप्ता!" सोलापूर ओरडला, "हप्ता मागतेय!" सात म्हणजे हफ्त, त्यातून सात दिवसांचा आठवडा आणि त्यातून आपल्या फ्रिजचे आणि नाक्यावरच्या भाईचे हप्ते, हे तिला समजावून सांगायचा नाद आम्ही सोडून दिला. गाजराचे पैसे तिने लावले नाहीत. निघताना एक गरम नोन कागदात गुंडाळून यवतमाळच्या हातात दिली. ही तंदूरमधली, तिथे मांस जात नाही, असं मुलाकडून मुद्दाम सांगवलं.

अलिबाग स्टेशनपर्यंत आला. "पुढच्या वेळी तुझ्यासाठी वेगळी चाळणी आणायला सांगतो," तो यवतमाळला म्हणाला. "मी सांगितलं की ती आणेल." मग तो वळला आणि कोटाच्या खिशात हात घालून चालायला लागला.

गाडीत गर्दी नव्हती. जॅक्सन हाइट्स गेल्यावर यवतमाळने कागद उलगडला. डब्यात तंदूरचा वास पसरला आणि समोरची एक बाई फोनमधून मान वर काढून बघायला लागली. तो सकाळपासून नीट जेवला नव्हता हे आता त्याच्या बोटांच्या घाईवरून दिसत होतं. सोलापूरने काही न बोलता शेंगाचटणीची पुडी काढली, सोडली आणि कागदाच्या कोपऱ्यात रिकामी केली. तिघांनी तोडून खायला सुरुवात केली. गाडीला हिसका बसला तेव्हा उरलेली रोटी सोलापूरच्या मांडीवर पालथी पडली. तोंडात घास असतानाच यवतमाळने हात लांबवून ती उचलली आणि नक्षी वर करून पुन्हा कागदावर ठेवली.